भिंतीशी भांडू नका, वायर ओढा

घरातलं सगळ्यात वाईट वायफाय कोणाच्या वाट्याला येतं? जो सगळ्यात कमी कुरकुर करतो, त्याच्या. लंडनच्या ईलिंग भागातल्या मराठी घरांत हेच चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. राउटर पुढच्या दाराशी. त्याला लागून बैठकीची खोली, तिथे टीव्ही सुसाट. वरच्या पुढच्या खोलीत मुलाचं नाहीतर सुनेचं ऑफिस, तिथेही सगळं ठीक. आणि सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर नाशिकहून किंवा अमरावतीहून आलेले आई-बाबा मागच्या खोलीत. तिथे मालिका ऐन प्रसंगात अडकते. बहिणीला व्हिडिओ कॉल लावला की तिचा चेहरा गोठतो आणि आवाज तुटतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘‘राहू दे रे, आम्हाला कुठे एवढं लागतं!’’

लागतं. डिसेंबरात चारच्या सुमारास इथे अंधारून येतं. मुलं शाळेत, मोठी माणसं कामावर. ओळखीचा शेजार नाही, रस्त्यावर बोलायला कुणी नाही. त्या वेळी गाव, नातेवाईक आणि भाषा त्या एका पडद्यावरूनच घरात येतात. ज्यांना सगळ्यात जास्त लागतं, त्यांनाच आपण सगळ्यात कमी देतो.

यावर हल्लीचा ठरलेला उपाय म्हणजे मेश. दोन-तीन डबे, त्यातला एक मुख्य, बाकीचे घरभर. सगळ्यांचं नाव एक, पासवर्ड एक. माणूस खोलीतून खोलीत फिरला तरी जोडणी तुटू नये, ही त्यामागची कल्पना. कल्पना चांगलीच आहे. २०१६ मध्ये ईरो, गूगल वायफाय, ऑर्बी असे संच बाजारात आले आणि मेश सामान्य घरांत शिरलं. पण तीन डबे लावूनही मागच्या खोलीतलं रडगाणं संपत नाही आणि लोक चौथा डबा मागवतात. माझं म्हणणं साफ आहे : चौथा घेऊ नका. तिसऱ्याचीही बहुधा गरज नव्हती. दुखणं डब्यांच्या संख्येत नाही, त्यांच्या जागेत आहे. आणि जिथे जागा बदलून भागत नाही, तिथे औषध एकच : वायर.

आधी घर बघा. ईलिंगला १८३८ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं स्टेशन झालं, १८७९ मध्ये डिस्ट्रिक्ट रेल्वे आली, आणि मग इथे घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. ‘उपनगरांची राणी’ हे बिरुद या भागाला उगाच मिळालेलं नाही, घरं देखणी आहेत. रेडिओलहरींना मात्र ती फार जड जातात. पहिल्या महायुद्धाआधीच्या घरांत नऊ इंची, म्हणजे जवळजवळ २३ सेंटिमीटर जाडीच्या भरीव विटांच्या भिंती असतात. मधे चिमणीचा रुंद बांध. आतल्या भिंतींवर लाकडी पट्ट्यांवर थापलेला जुना गिलावा, आणि दुरुस्ती झाली असेल तिथे त्याखाली बऱ्याचदा धातूची जाळी. वायफायच्या पाच गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या लहरीचं बळ अशी एक जाड भिंत दहाव्या हिश्श्यापर्यंत उतरवू शकते. दोन भिंती म्हटलं की शंभरावा हिस्सा. शिवाय लहर भिंतीला तिरकी भिडली, तर तिला विटेतून आणखी लांबचा प्रवास करावा लागतो. म्हणून नकाशावर जवळ दिसणारी खोली लहरीसाठी जवळ असेलच असं नाही.

त्यात आपण घर वाढवतो. मागे स्वयंपाकघराचं एक्स्टेंशन होतं. मधली भिंत पाडून तिथे लोखंडी तुळई येते, आणि राउटर आणि मागची खोली यांच्यामधे फ्रिज, ओव्हन, वॉशिंग मशीन असा धातूचा बांध उभा राहतो. वर लॉफ्ट होतो. ऊब टिकावी म्हणून छताला आणि बाजूच्या बुटक्या भिंतींना फोमचे बोर्ड ठोकतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. ऊब राहते, लहरी परततात. जमिनीतून सरळ वर येईल तेवढंच लॉफ्टला मिळतं.

आणि राउटर कुठे? दारापाशी. पूर्वी टेलिफोन पॅसेजमध्ये असायचा, म्हणून तांब्याची तार पुढच्या दाराशी आली. तार तिथे होती म्हणून ब्रॉडबँड तिथे आलं. मग बऱ्याच घरांत फायबरही त्याच वाटेने आत शिरली. म्हणजे पॅसेजमध्ये उभं राहून बोलण्याची सवय केव्हाच सुटली, तरी घरातलं इंटरनेट अजून तिथूनच सुरू होतं. घराच्या टोकाला ठेवलेल्या राउटरच्या लहरींचा मोठा वाटा रस्त्यावर जातो. त्यात तो जिन्याखालच्या कपाटात, वीज आणि गॅसच्या मीटरशेजारी कोंबलेला असेल, तर बोलायलाच नको.

आता डबे. मेशचा दुय्यम डबा इंटरनेट तयार करत नाही. मुख्य डब्याकडून जे त्याला ऐकू येतं, तेच तो पुढे सांगतो. आणि आपण तो ठेवतो कुठे? जिथे सिग्नल मेलेला असतो, नेमकं तिथे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या खोलीतल्या फोनवर सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, कारण डबा हातभर अंतरावर असतो. पण त्या रेघा फोन आणि डबा यांच्यातल्या आहेत. डबा आणि मुख्य राउटर यांच्यातलं नातं किती कमजोर आहे, हे त्या सांगत नाहीत. ‘रेंज फुल्ल आहे पण नेट चालत नाही’ या तक्रारीचा उगम बहुतेक वेळा इथे असतो.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. सिग्नल मरतो तिथे डबा ठेवायचा नाही. सिग्नल जिथे शेवटचा धडधाकट असतो, तिथे ठेवायचा. ईलिंगच्या रांगेतल्या घरात ती जागा बहुधा पहिल्या मजल्यावरचं जिन्याचं लँडिंग असते. खालून वर जाणारी मोकळी वाट घरात एकच, ती जिन्याची. लहरींनाही तीच बरी पडते. डबा कमरेच्या उंचीच्या वर ठेवा, टीव्हीच्या मागे नको, आरशापाशी नको, रेडिएटरवर नको, कपाटात तर नकोच.

अंदाजाने ठेवू नका, मोजा. बऱ्याच मेशच्या अॅपमध्ये प्रत्येक डब्याला मुख्य डबा किती स्पष्ट ऐकू येतो ते दिसतं. अँड्रॉइड फोनवर सिग्नल मोजणारी मोफत अॅप्स मिळतात. आकडा उणे असतो आणि त्याचं एकक डीबीएम. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६० चांगला, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या पलीकडे हाल. आकड्यात दहाचा फरक म्हणजे बळात दहापट फरक, हे ध्यानात ठेवा. दुय्यम डब्याला मुख्य डबा उणे ६५ पेक्षा कमजोर ऐकू येत असेल, तर तो डबा दोन पावलं अलीकडे आणा. एवढ्याने कित्येक घरांतलं दुखणं बरं होतं, एक पैसाही खर्च न करता.

मग लोक विचारतात, जास्त डबे लावले तर बिघडलं कुठे? बिघडतं. हवा एकच आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोन पट्ट्यांच्या स्वस्त मेशमध्ये डबा मुख्य राउटरशी ज्या रेडिओवर बोलतो, त्याच रेडिओवर तुमच्या फोनशीही बोलतो. म्हणजे प्रत्येक निरोप हवेतून दोनदा जातो आणि वेग साधारण निम्मा होतो. त्या डब्याच्या पलीकडे आणखी एक डबा जोडला की पुन्हा निम्मा. आपसांत बोलायला वेगळा तिसरा रेडिओ असलेले संच यात बरे, पण भिंत त्यांनाही चुकत नाही. तीन शयनगृहांच्या रांगेतल्या घराला योग्य जागी ठेवलेले दोन डबे बहुधा पुरतात. पाच ठेवले, तर ते एकमेकांचंच बोलणं तोडत बसतात.

खोक्यावरच्या आकड्यांनी भुलू नका. ‘एएक्स ३०००’ हा आकडा ५७४ आणि २४०२ यांची ढोबळ बेरीज आहे : २.४ गिगाहर्ट्झवरचा कमाल वेग आणि पाच गिगाहर्ट्झवरचा कमाल वेग. वायफाय ६ चा फोन एका वेळी यातला एकच पट्टा वापरतो. त्यातही २४०२ मिळायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीची वाट लागते, आणि पाच गिगाहर्ट्झवर अनेक फोन तेवढी रुंद वाट वापरूच शकत नाहीत. शिवाय ब्रिटनमध्ये पाच गिगाहर्ट्झवरची अशी प्रत्येक रुंद वाट रडारच्या वाट्याच्या पट्ट्यातून जाते. तिथे पहिला मान रडारचा. राउटरने वाट धरण्याआधी एक मिनिट नुसतं ऐकायचं असतं, हवामान रडारच्या तुकड्यात तर दहा मिनिटं. रडार ऐकू आलं की वाट तत्काळ सोडायची आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. लंडनच्या वायव्येला चेनीज इथे ब्रिटिश हवामान खात्याचं रडार आहे. ते याच पट्ट्यात पाऊस शोधतं. मेश अधूनमधून मिनिटभर गायब होऊन परत येत असेल, तर हीथ्रोच्या विमानांना बोल लावण्याआधी सेटिंगमध्ये जा. वाट ८० मेगाहर्ट्झची करा आणि चॅनेल ३६ ते ४८ मधला निवडा. तशी निवड देतच नाही असा संच असेल, तर पुढचा संच घेताना हा पहिला प्रश्न विचारा.

सहा गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचंही तेच. ब्रिटनच्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे ऑफकॉमने, २०२० मध्ये इथे वायफायला त्या पट्ट्यातले ५०० मेगाहर्ट्झ खुले केले. अमेरिकेने त्याच वर्षी १२०० केले. म्हणून तिकडच्या परीक्षणांतले डोळे दिपवणारे वेग इथे जसेच्या तसे मिळणार नाहीत. न्यू जर्सीच्या भावाने बॅगेतून आणलेला राउटर इथे लावू नये. त्याची वाटांची आणि ताकदीची गणितं तिकडच्या कायद्याची असतात. आणि सहा गिगाहर्ट्झ भिंतीपुढे पाचपेक्षाही लवकर हार मानतो.

वारंवारता जितकी खाली, तितकी लहर अडथळ्यांना पुरून उरते. हे आपल्याकडच्या लोकांनी फार मोठ्या कामासाठी वापरून दाखवलं आहे. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातल्या गावांत इंटरनेट नेताना, टीव्हीच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ पट्ट्यातल्या रिकाम्या जागा वापरून पाहिल्या, कारण झाडी आणि चढउतार यांतून त्या लहरी पुढे जातात. त्यांच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं. त्या कामातला धडा घरालाही लागू आहे : शेवटच्या माणसापर्यंत काय पोचतं ते पाहून साधन निवडायचं. घरात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा संथ म्हणून बंद करू नका. दारावरची घंटा, स्मार्ट प्लग, जुना टॅबलेट, सगळे बहुधा त्यावरच चालतात, आणि दोन भिंतींपलीकडच्या खोलीत तोच टिकतो. फक्त त्याची वाट २० मेगाहर्ट्झची ठेवा आणि चॅनेल १, ६ किंवा ११. एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा त्या तीनच, आणि रांगेतल्या घरात शेजाऱ्यांचीही त्यांवरच गर्दी असते.

तरीही खरं उत्तर वायर हेच. मुख्य राउटरपासून मागच्या खोलीतल्या डब्यापर्यंत इथरनेट केबल टाकली की भिंत, चिमणी, फ्रिज सगळे प्रश्न एका फटक्यात मिटतात. त्या डब्याला हवेतून काही ऐकावंच लागत नाही, त्याची सगळी ताकद खोलीतल्या माणसाच्या कामी येते. साधी कॅट ५ई केबल शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट वाहून नेते. ईलिंगचं कुठलंही रांगेतलं घर त्याहून पुष्कळ आखूड आहे. केबल शुद्ध तांब्याची घ्या. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल घेऊ नका. बाहेरून न्यायची असेल तर उन्हापावसाला टिकणारी काळी केबल, घराच्या मागच्या अंगाने, आणि भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं, म्हणजे पाणी आत येत नाही. १९०१ पासून वसलेल्या ब्रेंटहॅम गार्डन सबर्बसारख्या जपणूक क्षेत्रात घराच्या बाह्यरूपावर बंधनं आहेत, तिथे पुढच्या भिंतीला हात लावण्याआधी चौकशी करा.

वायर हा पराभव नाही. स्पेनमधल्या कातालोनियात २००४ पासून लोकांनी गुईफाय नावाचं स्वतःचं वायरलेस जाळं विणलं. छपराछपरांवर अँटेना लावून ते हजारो जागांपर्यंत गेलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या लोकजाळ्यांत त्याची गणना होते. पण वापर वाढला तेव्हा त्यांनीही फायबर टाकायला घेतली. एवढ्या मोठ्या मेशला जे उमगलं, ते आपल्या तीन डब्यांना लागू नसेल असं कसं होईल?

भाड्याच्या घरात भोक पाडता येत नाही, हे खरं. तिथे दोन मार्ग आहेत. गालिच्याच्या कडेने चपटी केबल, किंवा पॉवरलाइन, म्हणजे घरातल्या विजेच्या तारांवरूनच डेटा नेणारे अडॅप्टर. पॉवरलाइनला मात्र ब्रिटिश घराची वायरिंग समजून घ्यावी लागते. खालच्या आणि वरच्या मजल्याच्या सॉकेटची सर्किटं बहुधा वेगळी असतात, आणि एकीकडून दुसरीकडे जायचं तर वाट विजेच्या मुख्य पेटीतून. म्हणून एकाच मजल्यावर पुढून मागे ती चांगली चालते, खालून लॉफ्टपर्यंत अडखळते. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटात लावा. सर्ज रोखणाऱ्या एक्स्टेंशन बोर्डात लावलात तर तो बोर्ड डेटाही गिळतो.

दुसरी नेहमीची गाठ म्हणजे एका घरात दोन राउटर. ब्रॉडबँड कंपनीचा डबा तसाच चालू, त्याच्या मागे मेशचा मुख्य डबा, आणि दोघंही घराचा कारभार बघतात. इंटरनेट चालतं, पण फोनवरून टीव्हीवर काही दाखवता येत नाही, प्रिंटर सापडत नाही, ऑफिसचं व्हीपीएन रुसतं. कारण फोन एका जाळ्यात असतो आणि टीव्ही दुसऱ्या. कारभारी एकच ठेवा. मेशला ‘ब्रिज’ किंवा ‘अॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, नाहीतर कंपनीच्या डब्याला नुसत्या मोडेमच्या कामावर ठेवा. काहीही निवडा, पण कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा.

तो डबा उपटून मात्र टाकू नका, निदान लँडलाइन तपासल्याशिवाय तरी. तांब्याच्या तारेवरचं जुनं टेलिफोन जाळं ब्रिटनमध्ये जानेवारी २०२७ अखेर बंद व्हायचं आहे. आधीची मुदत डिसेंबर २०२५ होती. गळ्यात आपत्कालीन बटण बाळगणाऱ्या वृद्धांची सोय तुटू नये, म्हणून ती पुढे गेली. नव्या पद्धतीत घरचा फोन कंपनीच्या राउटरच्या पाठीमागे लागतो. राउटर काढला की फोन गेला. वीज गेली तरी फोन गेला. ज्यांना लँडलाइनशिवाय दुसरा आधार नाही, त्यांना वीज गेल्यावर किमान तासभर आणीबाणीचा कॉल करता येईल अशी सोय कंपनीने द्यायची, असं ऑफकॉमचं मार्गदर्शन आहे. घरात वयस्क माणूस असेल तर ती सोय मागून घ्या. फोन करा आणि मागा.

बिघाड शोधायलाही शिस्त लागते. काही अडलं की सगळे डबे एकदम बंद-चालू करायची सवय सोडा. डबे नव्याने वाटा निवडतात, तात्पुरतं बरं वाटतं, आणि बिघाड कुठे होता ते कळायचं राहून जातं. टोकाकडून सुरुवात करा. लॅपटॉप केबलने थेट कंपनीच्या राउटरला जोडा आणि वेग मोजा. तिथेच कमी असेल तर दोष घराबाहेरचा. ऑफकॉमची वेगसंहिता मान्य केलेल्या कंपन्यांनी किमान वेगाची हमी द्यायची असते. तीस दिवसांत सुधारणा झाली नाही तर दंड न भरता करार सोडता येतो. पण ती हमी राउटरपर्यंतच्या लाइनची आहे, तुमच्या मागच्या खोलीची नाही. म्हणून केबलने मोजलेला आकडा हाती असल्याशिवाय तक्रार करू नका.

केबलवर वेग नीट आला की त्याच खोलीत वायफायवर मोजा. मग दुसऱ्या डब्याशेजारी. मग खोलीत. वेग जिथे एकदम कोसळतो, दोष त्याच्या आणि आधीच्या पायरीच्या मधे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा. सकाळी मोजलंत तर संध्याकाळीही मोजा, कारण संध्याकाळी सगळी गल्ली ऑनलाइन असते. मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ गिगाहर्ट्झवरचा कॉल तुटतो का, तेही बघून ठेवा.

खोली बदलली तरी फोन लांबच्या डब्यालाच चिकटून बसतो, ही आणखी एक तक्रार. कोणत्या डब्याशी जोडायचं याचा शेवटचा निर्णय फोनचा असतो, मेश फक्त सुचवतं. सुचवण्यासाठी ८०२.११के आणि व्ही, झटपट हस्तांतरासाठी आर, अशी मानकं आहेत, पण जुनी उपकरणं ती मानत नाहीत. डबे फार जवळजवळ असतील तर फोनला हलायचं कारणच उरत नाही. इथेही उत्तर तेच : डबे कमी, अंतर योग्य. जुन्या टॅबलेटला नवी डब्ल्यूपीए३ सुरक्षा झेपत नसेल, तर डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालतील असा पर्याय ठेवा. आईचा टॅबलेट जुना आहे म्हणून तिला नव्या जाळ्याबाहेर ठेवायचं नाही.

आणि वेगाचा मोह आवरा. एचडी व्हिडिओ कॉलला चार एमबीपीएसच्या आत भागतं. ४के चित्रपटाला १५ पुरतात, असं नेटफ्लिक्सच सांगतं. दारात गिगाबिट घेऊन मागच्या खोलीत चार एमबीपीएस सलग पोचत नसतील, तर महागडं पॅकेज आणि महिन्याच्या भाड्याचे जादा डबे हे दोन्ही खर्च वाया आहेत. तेच पैसे एकदा केबल टाकायला लावा.

आता सरकारला आणि बिल्डरला. इंग्लंडमध्ये २६ डिसेंबर २०२२ पासून नव्या घराला गिगाबिट जोडणीची तजवीज बिल्डरने करायची असा नियम आहे. चांगला नियम आहे, पण तो जोडणी घरात शिरते तिथेच संपतो. तिथून खोल्यांपर्यंत केबल न्यायची सक्ती त्यात नाही, आणि जुन्या घरावर चढवलेल्या लॉफ्टला तर तो लागूच होत नाही. नव्या खोलीत ऊब किती टिकावी, हवा किती खेळावी, आग लागली तर बाहेर कसं पडावं, हे सगळं इमारतीचे नियम बारकाईने सांगतात. त्याच नियमांपायी धातूचा थर असलेले बोर्ड भिंतींत येतात आणि लहरी अडतात. मग त्याच भिंतीतून एक केबल न्यायला सांगणं हे त्या नियमांचंच अपुरं राहिलेलं काम आहे. ते पुरं करा. ज्या माणसाचं काम, शिक्षण, डॉक्टर आणि आता आणीबाणीचा फोनही या जोडणीवर आहे, त्याच्या खोलीपर्यंत ती नेणं ही चैन नव्हे.

नियम बदलेपर्यंत थांबू नका. ईलिंगमध्ये यंदा लॉफ्ट किंवा एक्स्टेंशन काढणाऱ्या प्रत्येक मराठी घराला माझं एवढंच सांगणं आहे : कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात गिलाव्याच्या आधी एक ओळ लिहून घ्या. राउटरच्या जागेपासून प्रत्येक नव्या खोलीपर्यंत कॅट ६ केबल, दोन-दोन. भिंत उघडी असताना हे काम फार थोड्या पैशांत होतं. रंग लागल्यावर तेच काम करायला कुणी धजत नाही. ती ओळ नसेल तर सही करू नका.